अकरा हजार पावलं

थोरलीच्या रक्तात साखर सापडली तेव्हा तिला साखरेचा राग आला नाही, सुनेचा आला. सून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात नर्स. घरात नर्स आणून ठेवली की असले शोध लागायचेच, त्यात नवल ते काय. सुनेनं बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला, यंत्रानं दोनशे ऐंशी दाखवले.

“तुझं यंत्र बिघडलंय,” थोरली म्हणाली.

सुनेनं दुसरं यंत्र आणलं. त्यानं दोनशे त्र्याऐंशी दाखवले.

“हेही बिघडलंय. याला पहिल्यानं शिकवलेलं दिसतंय.”

गोळ्या सुरू झाल्या. थोरलीनं त्या निमूट गिळल्या, कारण गिळणं बसल्या जागी होतं. पण सूनबाईचं गोळ्यांवर भागेना. तिच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं, आणि ते शिरलं होतं शिंप्याच्या अंगठ्यामुळं.

शिंपी कोपऱ्यावरचा. जन्मभर दुसऱ्याची मापं घेतली, पण स्वतःचं माप द्यायची वेळ आली की हा पाय आखडता घेणार. उजव्या पायाच्या अंगठ्याला चार महिने फडकं बांधलेलं. जखम भरत नव्हती. सूनबाई येता-जाता सांगायची, साखर तपासून घ्या, पाय दाखवा. तो मशीन थांबवायचासुद्धा नाही. म्हणायचा, मोजलं की वाढतं, न मोजलेलंच बरं. असा माणूस गल्लीत एक असता तर हसून सोडून दिलं असतं. इथं प्रत्येक घरात एक होता, आणि काही घरांत दोन.

म्हणून सूनबाईनं दवाखान्यामागची अडगळीची खोली मागून घेतली. मोडक्या खुर्च्या आणि तीन चाकांचं स्ट्रेचर बाहेर काढलं, स्वतः चुना लावला, एक टेबल टाकलं. दर बुधवारी तिथं कुणीही यावं, साखर मोजावी, चार गोष्टी ऐकाव्यात. शिवाय कमरेला लावायच्या बारा डब्या मिळाल्या, काडेपेटीएवढ्या. माणूस चाललं की डबी पावलं मोजते. बारा बायकांना त्या वाटायच्या, रोज किती चालल्या ते वहीत उतरवायचं, आणि चालल्यानं साखर उतरते हे गल्लीला डोळ्यांनी दाखवायचं. मुदत तीन महिने. मग शहराच्या मोठ्या डॉक्टरीणबाई येऊन बघणार. फरक दिसला तर खोली कायमची, वर आठवड्यातून एकदा पाय तपासणारा माणूस. नाही दिसला तर मोडक्या खुर्च्या परत आत.

आता गल्लीचा नियम असा, की थोरली आली तर गल्ली येते. थोरली नाही तर कुत्रंही येत नाही. म्हणून सूनबाईनं पहिली डबी सासूपुढं धरली.

“चालायचं? कुठं?”

“कुठं नाही, आई. नुसतं चालायचं.”

“काम नसताना रस्त्यानं हिंडणाऱ्या बाईला आमच्या वेळी जे म्हणायचे, ते मी या वयात म्हणवून घेणार नाही.”

सूनबाई सासूला ओळखून होती. तिनं यादी काढली. यादीत पहिलं नाव थोरलीचं, ठळक, आणि दुसरं समोरच्या घरातल्या बाईचं. म्हणाली, तुम्हाला नको असेल तर खोडते, मग समोरच्या काकू पहिल्या. थोरलीनं डबी घेतली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी डबीवर दोनशे चौदा पावलं भरली. खुर्ची ते खिडकी, खिडकी ते खुर्ची, मधे एकदा समोरच्या बाईला हाक मारायला दारापर्यंत. समोरच्या बाईची भरली साडेचार हजार. ती नुसती हसली. तेच जास्त लागलं.

रात्रभर थोरलीनं विचार केला आणि सकाळी जिन्यात उभी राहिली.

जिन्यावरून धाकटी खाली उतरत होती. धाकटी म्हणजे थोरलीच्या दिराची बायको, वरच्या मजल्यावर राहणारी. पोस्टात टपाल वाटायची नोकरी. खांद्याला पिशवी, कमरेला जाड पट्टा, आणि पायांत सदा भिंगरी. आठवड्याचे सहा दिवस गाव पालथं घालायची. तीस वर्षांत धाकटीनं थोरलीला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हटलंच असेल तर ते पिशवीत म्हटलं असेल.

“ही पट्ट्याला लाव. संध्याकाळी आणून दे.”

“माझ्या पट्ट्याला कशाला, जाऊबाई? साखर तुम्हाला आहे.”

“तू नाहीतरी चालतेसच. फुकट जातात ती पावलं.”

“पण ती माझी पावलं.”

“एका घरात आलो, एका चुलीवर जेवलो, दोन्ही पोरं एकाच पाळण्यात वाढली. आणि पावलं तेवढी तुझी वेगळी?”

धाकटीनं डबी पट्ट्याला लावली. टपालाला उशीर होत होता.

त्या संध्याकाळी डबीवर अकरा हजार तीनशे पावलं होती.

सूनबाईनं आकडा दोनदा वाचला. डोळे चोळले, मग सासूच्या पायांकडं पाहिलं. थोरली खुर्चीत बसून पाय दाबत होती, कारण पाय दाबणं तिला आधीपासून आवडायचं. दुसऱ्या दिवशी अकरा हजार सहाशे. तिसऱ्या दिवशी बारा. समोरची बाई हसायची थांबली आणि थोरलीला सुखाची झोप लागली.

मग व्हायचं तेच झालं. दवाखान्याच्या भिंतीवर कागद लागला. त्यावर थोरलीचा फोटो, बोट उगारलेलं. खरं तर ती फोटो काढणाऱ्याला रागवत होती, उजेडाकडं तोंड करून का उभं केलंस म्हणून. पण फोटोत ते बोट उपदेशाचं दिसलं. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘या चालतात. तुम्ही?’ थोरली तो कागद बघायला स्वतः गेली नाही. चालावं लागलं असतं. तिनं तो घरी मागवून पाहिला आणि परत पाठवला.

लोक विचारायचे, चालता कधी, दिसत नाही. थोरली म्हणायची, पहाटे. पहाटे उठणाऱ्या म्हणाल्या, आम्हाला तरी कुठं दिसता. थोरली म्हणाली, तुमच्याही आधी. त्यापुढं कुणी विचारलं नाही, कारण त्यापुढं विचारायचं तर रात्री जागायला हवं.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण बुधवार येतो. बुधवारी दुपारी, जेवून दोन तास झाले की, सगळ्यांसमोर बोट टोचलं जातं. आणि यंत्राला जाऊ आणि सासू कळत नाही.

पहिल्या बुधवारी थोरलीची साखर दोनशे पंचाहत्तर, दुसऱ्या बुधवारी दोनशे एक्क्याऐंशी, तिसऱ्या बुधवारी दोनशे अठ्ठ्याहत्तर. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चौथ्या बुधवारी एक जण डबी परत घेऊन आली. म्हणाली, थोरल्या बाई अकरा हजार चालून त्यांची उतरत नाही, तर माझ्या अडीच हजारांनी काय दिवे लागणार? त्या अडीच हजारांपायी माझं घर उघडं पडतं. तिचं बघून दुसरी आली. बाराच्या नऊ झाल्या, नवाच्या सात, सातांच्या पाच. समोरची बाईसुद्धा गेली, जिची खरोखर चाळीस पॉइंटांनी उतरली होती. पण तिच्या चाळीसाकडं कोण बघतो? फोटो तिचा नव्हता.

शिंपी खिडकीत बसून हिशेब ठेवायचा. कोण गेली, कोण परतली. म्हणायचा, चालून चपला उतरतात, साखर नाही. फडकं मात्र आता अंगठ्यावरून वर सरकलं होतं.

सूनबाईचा जीव मेटाकुटीला आला. तिनं यंत्र बदललं, पट्ट्यांची तारीख पाहिली, घरातला साखरेचा डबा कुलपात टाकला आणि किल्ली गळ्यात. थोरलीनं गल्लीभर सांगितलं की माझ्या घरात मीच चोर ठरले. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, एवढं चालून उतरत नाही म्हणजे गोळी वाढवावी लागेल, पुढं कदाचित इंजेक्शन. सूनबाई म्हणाली, गोळी वाढवू नका, मोठ्या बाई येऊ देत, मग बघू. का ते तिनं सांगितलं नाही.

एकदा जेवताना तिनं वही काढली.

“आई, दर रविवारी शून्य कसं?”

“रविवारी माझ्या पायांना सुट्टी.”

“आणि हा मंगळवार? यालाही शून्य.”

तो मंगळवार सरकारी सुट्टीचा होता. थोरलीनं पाण्याचा घोट घेतला, जरा मोठाच.

“त्या दिवशी गुडघा धरला होता.”

“बरं,” सूनबाई म्हणाली आणि वही मिटली. सून गप्प बसली की सासूनं सावध व्हावं, हे थोरली जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आली होती. पण दुसऱ्याला शिकवलेलं आपल्या उपयोगी पडलंय कधी?

मुदतीचा शेवटचा बुधवार आला. मोठ्या डॉक्टरीणबाई एक वाजता येणार होत्या. वही नको, डब्या प्रत्यक्ष बघेन, असं त्यांनी कळवलं होतं. एरवी डबी संध्याकाळी खाली यायची; आज दुपारी हवी. थोरलीनं आदल्या दिवशीच धाकटीला बजावलं होतं, उद्या सकाळची पहिली फेरी झाली की माझ्या उंबऱ्यावर ठेवून जा. अकरा वाजता थोरली जेवली, हात धुतला आणि उंबऱ्यावर बघते तर काही नाही. वर गेली तर दाराला कुलूप. धाकटी डबी कमरेला लावून कामावर गेली होती.

थोरलीपुढं दोनच वाटा होत्या. डबीशिवाय उरलेल्या चार बायकांसमोर उभं राहणं, नाहीतर धाकटीला गाठणं. तिनं चपला घातल्या. काम होतं म्हणून घातल्या, नुसतं चालायला नव्हे.

कोपऱ्यावर शिंप्याला विचारलं, टपाल आलं का? शिंपी म्हणाला, आत्ताच पडलं, बँकेकडं वळलं. थोरली बँकेकडं वळली. बँकेच्या पहारेकऱ्यानं दारातला गठ्ठा दाखवला, म्हणाला, पाच मिनिटं झाली. थोरली औषधाच्या दुकानाकडं गेली. तिथंही पडलं होतं. शाळेत गेली. शाळेच्या फाटकावर टपाल होतं, टपाल देणारं माणूस नव्हतं. थोरलीनं मनातल्या मनात धाकटीला तीस वर्षांतलं सगळं ऐकवलं. इतका वेग हिला घरात कधी सुचला नाही. कपभर चहा करायला अर्धा तास, आणि इथं वारा प्याली होती.

वाटेत लोक थांबून बघत होते. डबी परत केलेल्या दोघी जणी ओट्यावर बसल्या होत्या. एक म्हणाली, थोरल्या बाई, पहाटेचं पुरलं नाही होय आज? थोरलीला वाटलं, थांबून हिला सरळ करावी. पण श्वास एकच होता, आणि तो पायांना लागत होता.

पाण्याच्या टाकीकडचा चढ तिनं किती वर्षांनी चढला ते तिलाच आठवेना. चढावर तीन मजल्यांची इमारत. वर पायऱ्यांवर जोड्यांचा आवाज आला. आता कुठं जाशील, म्हणत थोरली कठड्याला धरून चढली. पहिला मजला, दुसरा मजला. तिसऱ्यावर पोचते तो आवाज दुसऱ्या अंगाच्या जिन्यानं खाली गेलेला. थोरली पुन्हा खाली. इमारतीमागं एक आडवा रस्ता, रस्त्याच्या शेवटी लाकडाची वखार. वखारीच्या दारात तिनं एकदाची पिशवी पाहिली आणि मागून पट्टा धरला.

पट्टा धरलेलं माणूस वळलं. त्याला मिशी होती.

“तू कोण?”

“बदली,” तो घाबरून म्हणाला. “काय चुकलं, बाई? सगळीकडं नीट टाकलंय.”

“आमची कुठाय?”

“त्या होय? त्या आज खिडकीवर बसल्यात. शिक्के मारायला. सकाळपासून जागच्या हलल्या नाहीत.”

पोस्टाची खिडकी थोरलीच्या घरामागं होती. भिंतीला भिंत लागून. स्वयंपाकघरात उभं राहिलं तर शिक्क्याचा ठोका ऐकू येतो, आणि आज सकाळपासून तो ऐकतच थोरली जेवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तिनं आजवर दुसऱ्यांना कमीत कमी शंभरदा ऐकवली असेल. आता ती आपली आपणच ऐकत आलेल्या रस्त्यानं परत निघाली. आडवा रस्ता, चढाचा उतार, शाळा, औषधाचं दुकान, बँक. शिंप्याच्या खिडकीवरून जाताना तिनं मान ताठ ठेवली. बाकी सगळं लटपटत होतं.

पोस्टाच्या खिडकीपाशी रांग होती. रांग थोरलीसाठी नसते. तिनं हात आत घातला.

“डबी.”

धाकटीनं पट्ट्याची डबी सोडून दिली आणि तिच्याकडं निरखून पाहिलं. “जाऊबाई, तोंड लाल झालंय तुमचं. चालून आलात की काय?”

थोरली तडक दवाखान्याकडं निघाली. डबीकडं बघायला तिला वेळ नव्हता.

खोलीत बाकीच्या चार बायका बसल्या होत्या. दारालगत शिंपीही होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. खोली बंद होताना बघायला आला होता आणि पाय खुर्चीखाली सारून बसला होता. भिंतीवर सूनबाईनं थोरलीचा मोठा तक्ता लावला होता, दर बुधवारच्या पावलांची निळी रेघ, साखरेची लाल. दोन्ही रेघा तीन महिने उंचावरून चालत होत्या, जणू एकमेकींना बघून घेईन म्हणत. मोठ्या डॉक्टरीणबाई बारक्या चणीच्या, चष्म्यातून कमी आणि चष्म्यावरून जास्त बघणाऱ्या. त्यांनी थोरलीला बसवलं, बोट टोचलं, आणि डबी हातात घेतली.

“आजची पावलं तीनशे अकरा,” त्यांनी वाचलं. मग यंत्राकडं पाहिलं. “साखर एकशे एकोणपन्नास.”

तीन महिन्यांत पहिल्यांदा निळी रेघ खाली पडली, आणि तिच्याबरोबर लालही पडली. हे कळायला मोठी डॉक्टर लागत नाही. शिंपी पुरतो.

“बघा,” तो उठत म्हणाला. “अकरा हजार चालल्या तेव्हा पावणेतीनशे. आज डबीच्या हिशेबानं बसून होत्या, तर दीडशे. मी काय वेगळं सांगत होतो? साखर बसून उतरते. मी तर दिवसभर बसूनच असतो.”

चौघींतल्या एकीनं कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली. दुसरीनंही ठेवली. टेबलावर तो आवाज फार लहान झाला, पण सूनबाईच्या चेहऱ्यावर तो मोठा दिसला. मोठ्या बाईंनी फाइल मिटली आणि मऊ आवाजात म्हणाल्या की मेहनत दिसते आहे, पण कागदावर जे आहे त्याला त्या काय करणार. बाहेर बोळात मोडक्या खुर्च्या अजून तशाच रचलेल्या होत्या, आत यायला तयार.

सूनबाईनं फक्त सासूकडं पाहिलं. सुनेच्या नखांत अजून चुना होता. तीन महिने धुऊन गेला नाही की काय, कोण जाणे. की कालच पुन्हा लावला होता, मोठ्या बाई येणार म्हणून.

थोरलीनं नजर फिरवली ती शिंप्यावर पडली. तो जिंकल्यासारखा दाराकडं निघाला होता, पण टाचेवर. अंगठा जमिनीला लावत नव्हता. फडक्यावर पिवळा डाग होता, आणि तो कापडाचा रंग नव्हता.

“खाली बस,” थोरली म्हणाली.

शिंपी बसला. थोरलीच्या आवाजाला गल्लीत कुणी उभं राहत नाही.

“ती पावलं माझी नाहीत,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पोस्टखात्याची आहेत. माझी जाऊ टपाल वाटते. तीन महिने डबी तिच्या पट्ट्याला होती आणि मी खुर्चीत. त्या निळ्या रेघेत माझं एक पाऊल नाही.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि आजची तीनशे अकरा?”

“तीही तिचीच. आज ती बसून होती आणि मी तिला शोधत होते. आजची माझी पावलं डबीत नाहीत, गुडघ्यात आहेत. हवं तर दाबून बघा.”

मग तिनं सगळा रस्ता सांगितला, बँक, शाळा, चढ, तीन मजले, वखार आणि मिशीवाला. सांगताना एक पायरी सोडली नाही. साक्षीदार म्हणून तिनं शिंप्यालाच उभं केलं. टपाल बँकेकडं वळलं हे सांगितलं कुणी? शिंप्याला मान डोलवावी लागली. परत जातानाही पाहिलंस ना? पाहिलं, तो म्हणाला, घामाघूम होतात.

“म्हणजे जेवल्यावर तुम्ही सव्वा तासावर चाललात,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“हिंडले म्हणा. चालायला मी तयार नव्हते.”

“तीन महिने चालणं एकीचं आणि साखर दुसरीची. असा तक्ता मी नोकरीत पहिल्यांदा बघते.” त्यांनी फाइल पुन्हा उघडली. सूनबाईकडून बाकीच्या बायकांची पानं मागून घेतली. समोरच्या बाईचे ते चाळीस पॉइंट त्यांना पहिल्यांदा दिसले, आणखी दोघींचे तीस-तीस दिसले. हे सगळं होतंच. थोरलीच्या फोटोखाली झाकलेलं होतं. टेबलावरच्या दोन्ही डब्या पुन्हा कमरेला गेल्या.

थोरलीचं अजून संपलं नव्हतं. ती शिंप्याकडं वळली.

“आता तू. फडकं सोड.”

“माझं काय मधेच?”

“मी चारचौघांत माझी अब्रू सोडली. तुला चिंधी सोडायला जड जातंय?”

शिंप्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि फडकं सोडलं. मोठ्या बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. आज दाखवलंत ते बरं केलंत, एवढंच त्या म्हणाल्या, आणि सूनबाईला हातमोजे मागितले. शिंप्याची साखर तीनशे नव्वद निघाली. यंत्र बिघडलंय, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण थोरली समोर होती. ती म्हणाली, ते मी म्हणून झालंय, दुसरं काढ.

पाय तपासणाऱ्या माणसाच्या वहीत पहिलं नाव शिंप्याचं लागलं. मोडक्या खुर्च्या पावसापाण्यात बोळातच राहिल्या.

संध्याकाळी घरात थोरली पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. सूनबाई कप विसळत होती. वही टेबलावर उघडी पडली होती, आणि थोरलीला दोन इयत्तांपुरतं वाचता येत होतं. प्रत्येक रविवारपुढं शून्य आणि शून्यापुढं बारीक अक्षरात दोन शब्द होते: पोस्ट बंद. त्या मंगळवारपुढंही तेच.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“दुसऱ्या रविवारपासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही डबी माझ्या अंगावर फेकली असती. तुम्ही गेलात की गल्ली गेली. वाटलं, आज ना उद्या लाजेनं तरी चालाल.” सूनबाईनं कप पालथा घातला, जरा आपटूनच. “तुम्हाला लाज वाटायची वाट बघत बसणारी मीच मूर्ख.”

“आणि आज धाकटी खिडकीवर कशी?”

“मीच सांगितलं काकूंना, आज बाहेरची फेरी घेऊ नका, डबीही खाली ठेवू नका. मला वाटलं, तुम्ही मागच्या मागं पोस्टात जाल, तीनशेचा आकडा बघाल, आणि एक वाजायच्या आत मला घरातल्या घरात खरं सांगाल. तुम्ही वखारीपर्यंत जाल हे कुणाच्या स्वप्नात होतं?”

वरून धाकटीच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता. तीस वर्षांत धाकटी पहिल्यांदा थोरलीला हसत होती, आणि मोकळेपणी हसायची सवय नसल्यानं ते खोकल्यासारखं निघत होतं.

थोरली दुसऱ्या दिवसापासून चालायला लागली. काम नसताना चालायचं नाही, हा हट्ट तिनं सोडला नाही. तिनं काम काढलं. ज्या सात जणींनी डब्या परत केल्या होत्या, त्यांच्या दारात रोज जाऊन त्यांना बोलायचं. सात घरं सात दिशांना होती. पहिल्या आठवड्यात दोघींनी डब्या परत घेतल्या, चालायच्या आवडीनं नव्हे, थोरली दारात येऊ नये म्हणून. समोरची बाई आधीच घेऊन बसली होती.

रविवारी पोस्ट बंद होतं. संध्याकाळी सूनबाईनं वही काढली, डबी वाचली आणि त्या रविवारपुढं लिहिलं, चार हजार दोनशे सहा. धाकटी दिवसभर वर झोपून होती. हे नक्की, कारण डबी कमरेला लावून थोरली स्वतः दोनदा जिना चढून खात्री करून आली होती. त्या पायऱ्याही तिनं मोजून घेतल्या.